सोजराबाईची हरकत

मंजुळा मेली त्या दिवशी हिंमतरावची जीप झेंडे लावून गावोगाव फिरत होती.

सदुसष्ट सालची निवडणूक, फेब्रुवारी महिना. वरवट बकालात हिंमतराव म्हणजे मोठा माणूस. कापसाचं रान, बागाईत, दारात जीप. सकाळी आठ वाजता त्याच्या सुनेच्या, मंजुळाच्या पोटावर सोजराबाईनं हात ठेवला आणि तिला तिथंच कळलं. मूल आडवं होतं.

सोजराबाई गावची दाई. पण नुसती बघून बघून शिकलेली सुईण नव्हे. नवऱ्यानं टाकलं तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि भाऊ कचरूच्या मळ्यात जन्मभर वांगी खुडण्यापेक्षा शिकते म्हणाली. नागपूरच्या दवाखान्यात दीड वर्ष शिकली. नागपूरच्या दाई मंडळाच्या पटावर तिचं नाव होतं, छातीवर पितळी बिल्ला होता. त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली होती. पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरापोरींना जगात पहिला हात लागला तो तिचा. मोठी झालेली पोरं रस्त्यात दिसली की ती म्हणायची, "तू पायानं आला होता बरं, आठवते का?" पोरं लाजायची, ती हसायची. बाकी तिला काही नव्हतं. लेकरू नाही, घर भावाचं. जे होतं ते पटावरचं नाव.

ती बाहेर आली. हिंमतराव ओट्यावर दाढी करून राह्यला होता.

"भाऊसाहेब, मूल आडवं हाये. हे माझ्या हातचं काम नाही. खामगावले न्या, आत्ताच्या आत्ता."

"जीप दुपारी येते."

"दुपार लय दूर हाये जी. दमणी जुंपा. शेगावपर्यंत नेऊ, तथून मोटार भेटते."

हिंमतरावनं वस्तरा पुसला. "हिंमतरावची सून दमणीत कण्हत गावातून जाईन? निवडणुकीच्या दिवसात? लोकं काय म्हणतीन? तू आपलं काम कर सोजरा."

दहा वाजता तिनं सहदेवला गाठलं. सहदेव म्हणजे मंजुळाचा नवरा, हिंमतरावचा एकुलता एक. चौतीस वर्षांचा बाप्या, बापाला विचारल्याशिवाय पाणी पीत नसे. "सहदेवभाऊ, तुमची बायको मरून राह्यली," ती म्हणाली. एवढं उघडं म्हणाली. तो म्हणाला, "बाबाले सांगा ना." बारा वाजता तिनं सासूला सांगितलं. झुंबरबाई म्हणाली, "आमाले काय लेकरं झाले नाहीत का? तुह्या हातात गुण नाही असं सांग ना सरळ."

चार वाजता मंजुळा गेली. पोटातलं पोटातच. साडेचारला जीप आली, झेंड्यासकट.

महिनाभरानं सोजराबाईच्या नावानं नागपूरच्या मंडळाकडं तक्रार गेली. दाईनं वेळेवर पुढं पाठवायला सांगितलं नाही, निष्काळजीपणानं बाळ-बाळंतीण दगावली. खाली सही हिंमतरावची.

कचरूनं तक्रारीची नक्कल वाचली आणि कपाळावर हात मारला. "अवं बाई, जे सोता केलं ते तुह्या नावावर लिहिलं यानं!"

"लिहू दे," सोजराबाई म्हणाली. "देवाले ठाऊक हाये."

"देव साक्ष द्याले येणार हाये का नागपूरले?"

ती घाबरली होती, पण फार नाही. गावातला राग गावात उतरतो असं तिला वाटत होतं.

मग अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर पाचव्या दिवशी तिला सोनाळ्याहून बोलावणं आलं. माणिकरावच्या घरून. माणिकराव तिकडचा बडा शेतकरी, लोकांतून मंडळावर घेतलेला सभासद, खादीचा कोट, गोड जीभ. त्याच्या पोरीची, कोकिळाची, सुपारी फुटणार होती. त्यांच्या घरी रीत होती की पोरीची सुपारी फुटते तेव्हा जिनं तिची नाळ कापली तिला बोलवायचं, पहिला खण तिला द्यायचा, पुरणाची पहिली पोळी तिच्या हातानं लाटायची. कोकिळाची नाळ सोजराबाईनं कापली होती. अठरा वर्षांपूर्वी, मोठ्या उन्हाळ्यात, पोर निळी पडली होती ती उलटी धरून रडवली होती.

सोजराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. पोळपाटावर बसली. आणि हातात लाटणं असताना तिला कळलं की सुपारी कोणाशी फुटून राह्यली.

सहदेवशी.

मंजुळाला जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

तिनं वर पाह्यलं. कोकिळा कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. बाया तिला चिडवत होत्या, ती हसत नव्हती. सोजराबाईला वाटलं, लाजून राह्यली.

तेवढ्यात नवरदेवाकडच्या बाया आत आल्या. झुंबरबाईनं पोळपाटाकडं पाह्यलं आणि दारातच थांबली. "ही बाई काऊन इथी?"

माणिकरावची बायको सत्यभामाबाई पुढं आली. "विहीणबाई, आमच्या घरची रीत हाये."

"हिच्या हातचं आमी खाऊ?"

बाहेरून माणिकराव आला. हसत. असा हसायचा की माणसाला आपणच लहान झाल्यासारखं वाटावं. "झुंबरबाई, तक्रार तिकडं, सुपारी इकडं. ही माझी मानलेली बहीण हाये. माझ्या बहिणीच्या हातची पोळी नाही खाल्ली तं मी समजीन तुमी माझ्या घरचं खाल्लं नाही." त्यानं सगळ्यांसमोर सोजराबाईला चोळीचा खण दिला. झुंबरबाई बसली. पोळी खाल्ली. हिंमतरावनंही बाहेरच्या पंगतीत खाल्ली, दोन मागून घेतल्या.

या भागात दोन भांडणारे एका पंगतीत जेवले की भांडण बुडालं असं धरतात. कागद नाही, सही नाही. जेवलं की संपलं. सोजराबाई घरी आली आणि कचरूला म्हणाली, "मिटलं पाय."

"लिहून देलं का त्यानं?"

"पोळी खाल्ली त्यानं माझ्या हातची. आणखी काय लिहून देईन?"

कचरूला ते पटलं. तोही याच मातीतला होता.

जूनमध्ये नोटीस आली. चौकशी अमुक तारखेला, तालुक्याच्या ठिकाणी, जळगावच्या डाकबंगल्यावर. चौकशी समितीचे अध्यक्ष, माणिकराव.

आता खरं बोलायचं तर सोजराबाईला त्या दिवशी बरं वाटलं. तिनं नोटीस दोनदा वाचली आणि तिची भीती गेली. भाऊ बसला हाये वर. तिला हे कळत होतं की भाऊ आता हिंमतरावचा व्याहीही होणार आहे. कळत नव्हतं असं नाही. पण तिला वाटलं, दोन्हीकडचा माणूस हाये, तं दोन्हीकडचं पाहीन. आणि आतून कुठंतरी असंही वाटलं की परक्यापेक्षा ओळखीचा बरा. ओळखीचा सोडतो.

डाकबंगल्यावर मोठं टेबल मांडलं होतं. मधे माणिकराव. उजव्या बाजूला खामगावचा एक डॉक्टर, घड्याळात पाहणारा. तिसरा सभासद आलाच नाही. कोपऱ्यात कारकून. समोर बाकावर हिंमतराव, सहदेव, गावातले आठ-दहा पुरुष. बाई म्हणून एकटी सोजराबाई.

"चहा घेतला का सोजराबाई?" माणिकराव म्हणाला.

"घेतला जी."

"प्रवासात त्रास नाही ना झाला? बरं. सुरू करण्याच्या आधी विचारावं लागते म्हणून विचारतो. या समितीवर तुमची काही हरकत?"

तिनं मान वर केली. आता सांगायचं होतं ते एकच वाक्य होतं. तुमची पोरगी यांच्या घरी देऊन राह्यले तुमी. मंजुळा यांच्या हटापायी मेली असं आज ठरलं तं तुमची पोरगी त्या घरी कशी जाईन?

वाक्य तिच्या ओठावर आलं होतं. पण त्या वाक्यात कोकिळाचं नाव होतं. समोर दहा पुरुष होते, बाहेर ओसरीवर आणखी वीस. लग्न ठरलेल्या पोरीचं नाव चारचौघांत, चौकशीत, कागदावर? उद्या सोयरीक मोडली तर लोक पोरीत खोड काढतील, सोजराबाईत नव्हे. दुसऱ्यांदा कोण करतं अशा पोरीला? जिला उलटी धरून रडवली तिला या हातानं बुडवायची?

"कायची हरकत," ती म्हणाली. "आपलेच माणसं हायेत."

कारकुनानं लिहिलं. मग वहीतलं वाचून दाखवलं, "समितीवर माझा पूर्ण विश्वास आहे. माझी कोणतीही हरकत नाही." आणि टाक पुढं केला.

तिला वाचता येत होतं. आपण बोललो ते हे नव्हे हेही कळत होतं. पण एवढ्या लोकांसमोर कारकुनाला खोटं कसं पाडायचं? तिनं सही केली. अक्षर चांगलं होतं तिचं.

मग चौकशी झाली.

"मी आठ वाजताच सांगतलं होतं खामगावले न्या म्हून," ती म्हणाली. "जीप प्रचाराले गेली होती."

"जीपचा विषय इथं नाही," माणिकराव म्हणाला, गोड आवाजात. "जीप काही बाळंतीण होत नव्हती."

ओसरीवर लोक हसले. डॉक्टरही हसला. मग त्यानं तिला विचारलं, नाडी किती होती, पाणी कधी गेलं, बाळाचा हात कुठपर्यंत आला होता. तिनं सगळं बरोबर सांगितलं, वेळेसकट. डॉक्टरनं मान हलवली. "बाईला येतं हो काम," तो म्हणाला. माणिकराव म्हणाला, "येतं, म्हणून तर जबाबदारी जास्त." डॉक्टरनं परत घड्याळ पाह्यलं.

"सहदेवभाऊले विचारा," ती म्हणाली. "मी त्याले दहा वाजता सांगतलं. बायको मरून राह्यली म्हणलं."

सहदेव उठला. त्यानं बापाकडं पाह्यलं, मग होणाऱ्या सासऱ्याकडं पाह्यलं.

"मले आठवत नाही," तो म्हणाला.

"सहदेवभाऊ, तुमी ओट्यावर बसले होते. पायात एकच जोडा होता तुमच्या."

"नाही आठवत बाई."

"बसा," माणिकराव म्हणाला.

दुपारी जेवण माणिकरावच्या घरून आलं होतं. जीपमधून. समिती, तक्रारदार, साक्षीदार, सगळे त्यावर जेवले. सोजराबाईलाही ताट वाढलं. आग्रहानं. ती जेवली. नाही म्हटलं असतं तर वाईट दिसलं असतं.

ऑगस्टमध्ये हुकूम आला. नाव पटावरून कमी केलं. यापुढं बाळंतपण केल्यास खटला होईल. बिल्ला आणि दाखला पंधरा दिवसांत रजिस्टर टपालानं पाठवावा.

कचरूनं बिल्ला फडक्यात बांधला. ती म्हणाली, "थांब," आणि चिंचेनं घासून आणला. "काळा पडला होता. काय म्हणतीन नागपूरचे लोकं." टपालवाल्यानं वजन करून पाह्यलं आणि विचारलं, "काय हाये बाई याच्यात? दागिना का?" कचरूनं त्याला शिवी दिली.

मार्गशीर्षात कोकिळाचं लग्न झालं. वरातीची जीप मळ्यावरूनच गेली. सोजराबाईला बोलावणं नव्हतं.

आणि गाव कसं असतं पाहा. ज्या बायांना तिनं मोकळं केलं होतं त्याच बाया पाणवठ्यावर हळू बोलायला लागल्या. काहीतरी असल्याशिवाय का नाव काढतात? एक तर सरळ म्हणाली, "मावशी, माह्या पयल्या पोराचा पाय वाकडा हाये, ते बी तुमच्याच हातानं झालं होतं का वो?" सोजराबाई म्हणाली, "तुह्या नवऱ्याचा पाय बी तसाच हाये ना." बाया हसल्या. ती घरी येऊन चुलीसमोर बसून राह्यली, चूल न पेटवता.

कचरू मात्र पेटला होता. तो ओळखीतून ओळख काढत नागपूरच्या नारायणराव वकिलापर्यंत पोचला. नारायणराव हुशार माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर थाप मारली.

"व्याही न्यायाला बसला? अहो, यापेक्षा सोपं प्रकरण मी पाहिलं नाही. आपल्याच घरच्या कामात कोणी न्यायाधीश व्हायचं नसतं, हा पहिला नियम. हायकोर्टात अर्ज करू. बाईंनी चूक केली की नाही हा प्रश्नच तिथं येत नाही. चौकशी करणारा सरळ होता का, एवढंच कोर्ट पाहतं."

"मंग माझं खरं हाये हे कोण सांगीन?" सोजराबाईनं विचारलं.

"ते कोणी सांगत नाही बाई. हुकूम रद्द होईल. नाव परत लागेल. पुरे नाही का?"

पुरे होतं. नाव परत लागलं तर सगळंच होतं.

अर्ज दाखल झाला. कापूस गेला, पाऊस गेला, परत कापूस गेला. सोजराबाई भावाच्या मळ्यात वांगी खुडायला लागली. दोनदा बाया दारात आल्या, "चाल वो मावशी, अडली हाये." दोन्ही वेळेला ती दार लावून आत बसली, कारण नारायणरावनं सांगितलं होतं, निकाल लागेपर्यंत एका बाईलाही हात लावाल तर अर्ज गेला. दुसऱ्या वेळची बाई दगावली. तेव्हा गाव म्हणालं, हिले माहीत होतं तरी आली नाही. म्हणजे हात लावला तरी तिचा दोष, नाही लावला तरी तिचाच.

एकोणसत्तरच्या मार्चमध्ये तारीख लागली. बहीणभाऊ शेगावहून रात्रीच्या गाडीनं नागपूरला गेले. सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात नारायणराव कागद चाळत उभा होता. चेहरा उतरलेला.

"बाई, त्यांनी सत्यभामाबाईचं शपथपत्र दिलंय. सुपारीच्या दिवशी तुम्ही तिथं होतात म्हणे?"

"होती ना. पोळ्या लाटत होती."

नारायणरावनं डोळे मिटले. "चौकशीच्या आधी?"

"महिनाभर आधी."

"हे मला का नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं नाही जी. तुमी म्हणले व्याही बसला न्यायाले. बसलाच होता."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि त्याने विचारल्यावर हरकत नाही म्हणून सही केलीत." तो आवाज खाली आणून म्हणाला, "ऐका. मी अर्जात लिहिलंय की हे नातं तुम्हाला निकालानंतर कळलं. सुपारी फुटली ते पाहिलं, पण कोणाशी ते समजलं नव्हतं, एवढं म्हणता येईल? बायका आत असतात. पोळ्यांच्या गडबडीत..."

कचरू म्हणाला, "म्हण ना बाई. एक शब्द तं हाये."

"झुंबरबाई माझ्यासमोर उभी होती रे. साठ बायांनी पायलं. मी कसं म्हणू मले दिसली नाही?"

"सहदेवनं नाही म्हणलं का, आठवत नाही म्हून!"

"म्हून तं त्याले मी माणूस म्हणत नाही."

आत सगळं इंग्रजीत चाललं. पंखे वर गरगरत होते. नारायणराव चांगलं बोलला असावा, कारण न्यायाधीश मान हलवत होते. मग पलीकडचा वकील उठला. त्यानं एक कागद वर केला, आणि सोजराबाईला लांबूनही ओळखू आलं ते काय आहे. तिची सही होती खाली. चांगल्या अक्षरातली. मग दुसरा कागद, सत्यभामाबाईचा. त्यात खण होता, पोळ्या होत्या, डाकबंगल्यावरचं ताटसुद्धा होतं. तिनं जे जे मानानं घेतलं होतं ते सगळं लिहून आणलं होतं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाह्यलं आणि मराठीत विचारलं, "बाई आल्या आहेत का?"

ती उठून उभी राह्यली.

"तुम्हाला माहीत होतं, अध्यक्षांची मुलगी त्या घरात जाणार आहे?"

"होतं जी."

"मग त्या दिवशी का बोलला नाहीत?"

एवढं साधं विचारलं होतं. तिला वाटलं, आता सांगावं. "पोरीचं नाव होतं साहेब त्याच्यात," ती म्हणाली. "लग्नाच्या पोरीचं नाव बैठकीत कसं घ्याव?"

मागच्या बाकावरचे दोन तरुण वकील हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं, मग परत इंग्रजी सुरू झालं. सगळं मिळून अर्धा तासही लागला नाही.

बाहेर आल्यावर नारायणरावनं सांगितलं. तो चिडलेला होता, म्हणून सरळ सांगितलं.

"कोर्ट म्हणालं, तुमचं बरोबर आहे. माणिकरावनं बसायलाच नको होतं. कोणालाही संशय येईल असंच होतं ते."

"मंग?" कचरू म्हणाला.

"मग काही नाही. माहीत असून गप्प राहिलात. निकाल आपल्या बाजूनं लागतो का ते पाहिलंत, विरुद्ध गेला तेव्हा ओरडलात. असं चालत नाही. अर्ज फेटाळला."

"म्हणजे चोरी झाली हे कबूल, पण चोराले त्याच दिवशी चोर म्हणलं नाही म्हून माल त्याचा?"

"तसंच काहीसं."

सोजराबाईनं विचारलं, "साहेब असं म्हणले का, मी वाट पाहून राह्यली होती निकालाची?"

"हो."

तिनं मान हलवली. कारण तेवढं खरं होतं. ओळखीचा सोडतो, असं तिला वाटलं होतंच. ते कोणाला सांगितलं नव्हतं. कोर्टानं कुठून काढलं कोणास ठाऊक.

गावात निकाल त्यांच्या आधी पोचला होता. हिंमतरावनं पेढे वाटले नाहीत, त्याची गरजच नव्हती. माणिकराव सोनाळ्याहून मुद्दाम मळ्यावर आला. बांधावर उभा राहून म्हणाला, "सोजराबाई, मनात ठेवू नका. कोर्टकचेरी वेगळी, नातं वेगळं. तुमी आजही माझी बहीणच हाये. काही लागलं तं सांगा." आणि जाताना वांगी घेऊन गेला. कचरूनं तराजू लावला नाही. काय लावणार.

चैत्रात वरवटच्या बाजारात सोजराबाई वांग्याची टोपली घेऊन बसली होती. ऊन चढलं होतं. समोर एक बाई येऊन बसली. डोक्यावरून पदर ओढलेला, हातात पिशवी. वांगं उचलून पाहत होती, ठेवत होती.

"देऊ का एक शेर?" सोजराबाईनं विचारलं.

"मावशी, मी कोकिळा."

सोजराबाईनं नीट पाह्यलं. पोर वाळली होती. हनुवटीखाली पिवळा पडत चाललेला डाग होता, चार बोटांएवढा. पोट मात्र पुढं आलं होतं.

"कितवा?"

"सहावा. मले एकडाव पायता का? इथीच, पदराआडून. पोट एका बाजूले जाते. आडवी उशी घातल्यासारखं."

सोजराबाईचा हात टोपलीतून निघाला आणि परत टोपलीत गेला. दहा पावलांवर झुंबरबाई मिरच्या घेऊन राह्यली होती. "नाव काढलं पोरी माझं. हात लावला तं खटला करतीन. तुह्याच घरचे करतीन."

"माहीत हाये." कोकिळा वांगी पिशवीत टाकायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "बाबा घरी आले तेव्हा हसत सांगत होते. नागपूरच्या कोर्टात सोजराबाई म्हणली, पोरीचं नाव कसं घ्याव बैठकीत. सगळे हसले जेवताना."

"मी काय वाईट म्हणली वो? तुह्या भल्यासाठी..."

"माह्यं भलं?" आता तिनं वर पाह्यलं. "मावशी, मी आयच्या पाया पडली होती. त्या घरी बाई मारली त्यायनं, मले नका देऊ म्हणलं. आय म्हणे, आता सुपारी फुटली, कोण मोडणार. तुमची चौकशी होती त्या दिवशी मी सकाळपासून देवाजवळ बसली होती. मले वाटलं, सोजरामावशी बोलीन. चारचौघांत नाव निघन, बोभाटा होईन, मोडन सोयरीक. जेवणाची जीप परत आली तं मी पळत गेली दारात. डायव्हरले विचारलं, काय झालं? तो म्हणे, काई नाही, बाईची काई हरकत नाही."

सोजराबाई टोपलीतली वांगी सारखी करायला लागली. "तुह्यं नाव खराब झालं असतं पोरी. तुले कोणी केलं नसतं."

"नसतं केलं. तेच तं पायजे होतं मले."

तिकडून झुंबरबाई ओरडली, "कोकिळे! वांगे घेऊन राह्यली का झाड लावून राह्यली?"

"आली जी!"

सोजराबाईनं टोपली बाजूला सारली. खटला तर खटला. तिनं हात पदराला पुसला आणि पुढं केला. "ये इकडं. सरक जवळ. पायते मी."

कोकिळानं तिच्या हाताकडं पाह्यलं. मग पिशवी उचलली आणि एक हात कमरेवर देऊन उभी राह्यली.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता कायले हात लावता."

आणि ती सासूच्या मागं चालायला लागली, जडशी, पाय फाकवून. बाजारात गर्दी होती. झुंबरबाईनं मिरच्यांची पिशवीही तिच्याच हातात दिली.